एका बदकाचा खेळ

दिवाळीच्या आधी माळा उतरवायचा, ही आमच्या डोंबिवलीच्या घरची जुनी रीत. वसुबारसेच्या आत माळ्यावरची धूळ निघाली नाही, तर लक्ष्मी जिन्यावरूनच परत फिरते, असे आईचे ठाम मत आहे. आणि आईच्या मतावर आमच्या घरात अपील नाही. पूर्वी अण्णा स्वतः स्टुलावर चढत. आता त्यांनी पंचाहत्तरी गाठली, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशने झाली, तेव्हा चढण्याचे काम माझ्याकडे आणि स्टूल धरण्याचे त्यांच्याकडे आले आहे. त्यासाठी मी ठाण्याहून एक दिवस मुद्दाम माहेरी येते.

गेल्या वर्षी बरोबर आमचे चिरंजीवही होते. वय वर्षे अकरा. माळ्यावरून एकेक ऐवज खाली येत होता आणि त्याची टीका चालली होती. तांब्याचा बंब झाला, पाळण्याच्या कड्या झाल्या, कान तुटलेली कढई झाली. आणि मग अगदी कोपऱ्यातून सुतळीने चारी बाजूंनी बांधलेले एक पुठ्ठ्याचे खोके हाती लागले. वर अण्णांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते : ‘टी.व्ही. खेळ. सर्व भाग तपासले. चालू स्थितीत. ४-६-९७.’

अण्णांनी उभा जन्म फोर्टमधल्या एका कचेरीत हिशेबनीस म्हणून काढला. एखादी वस्तू माळ्यावर टाकायची, तीही नोंद करून.

“ह्यात काय आहे?” चिरंजिवांनी विचारले.

“व्हिडिओ गेम,” मी म्हटले.

त्याने सुतळी सोडली. आत पिवळट पडलेला एक प्लॅस्टिकचा डबा, वायरी गुंडाळलेले दोन रिमोट, चार कॅसेटी आणि एक काळी पिस्तुलासारखी बंदूक. माझ्याकडे पाहून तो अशा सहानुभूतीने हसला, की माझे बालपण दुष्काळी कामावर खडी फोडण्यात गेले असावे!

“चालतो हा?”

“लिहिलंय ना वर,” अण्णा म्हणाले.

* * *

तरुण वाचकांसाठी थोडे मागचे सांगायला हवे. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ च्या जुलैत ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे एक यंत्र बाजारात आणले. लोक त्याला लाडाने ‘फॅमिकॉम’ म्हणत. ते टीव्हीला जोडायचे, कॅसेट बसवायची आणि खेळायचे. या यंत्राच्या हुबेहूब नकला पुढे आशियाभर निघाल्या. १९९० नंतर आपल्याकडच्या हजारो घरांत ‘टीव्ही गेम’ म्हणून जे आले, ते बहुधा या नकलांपैकीच. कॅसेटीवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असायचे. आत खरे खेळ दहा-वीसच. तेच नाव बदलून, रंग बदलून पुन्हापुन्हा येत. तरीही पहिले काही दिवस आम्ही भाबडेपणाने मोजत बसलो होतो.

आमच्याकडे हे यंत्र आले १९९२ च्या दिवाळीत. अण्णांच्या बोनसातून, लॅमिंग्टन रोडवरून. त्या वर्षी आईची पैठणी एक वर्ष पुढे गेली. ती पैठणी पुढे कितीतरी दिवाळ्या आमच्या घरात बोलण्यात येत असे.

आमचा टीव्ही तेव्हा शटरचा होता. लाकडी, सरकत्या दारांचा, कृष्णधवल. दोन खोल्यांच्या त्या घरात त्याच्यासमोर एक कॉट, कॉटखाली ट्रंका, आणि कॉट व टीव्ही यांच्यामध्ये फरशीवर मी आणि दादा. खेळ लागला नाही की कॅसेट काढायची, तिच्या तोंडात जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. ही विद्या कोणी शिकवली नव्हती, पण गल्लीतल्या प्रत्येक पोराला येत होती. गंमत अशी की फुंकरीचा उपयोग मुळीच नसतो. कॅसेट काढून पुन्हा नीट बसली की काम होते. उलट फुंकरीतल्या ओलाव्याने आतल्या पट्ट्या गंजतात. कित्येक घरगुती उपचारांसारखेच हे! गुण येतो, पण आपण समजतो त्या कारणाने नव्हे.

* * *

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही यंत्र अण्णांच्या नव्या, भिंतीवरच्या सपाट टीव्हीला जोडले. पिवळी पिन बसली, बटण दाबले, आणि पडद्यावर निळे आकाश उगवले.

मी थबकलेच. ‘सुपर मारिओ’तले आकाश निळे आहे, हे मला माहीतच नव्हते! कृष्णधवल टीव्हीवर चार-पाच वर्षे मी तो खेळ खेळले. पण मारिओची टोपी लाल आहे, झुडपे हिरवी आहेत, हे तीस वर्षांनी प्रथम पाहत होते. जुन्या ओळखीच्या बाईला आपण कायम फोटोतच पाहावे आणि एक दिवस ती दारात उभी राहावी, तसे काहीसे झाले.

आणि पाहता पाहता आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्या खेळातले ढग आणि झुडपे एकच आहेत! आकार तोच, फक्त वर पांढरा रंग आणि खाली हिरवा. खेळ बनवणाऱ्यांनी जागा वाचवण्यासाठी ही युक्ती केली. १९८५ साली आलेला हा सबंध खेळ अवघ्या चाळीस किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आपल्या मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोसुद्धा तीन-चार मेगाबाइटचा असतो. म्हणजे चकलीच्या एका फोटोच्या जागेत असे शंभरेक मारिओ मावतील. एका ब्लाउजपीसमध्ये दोन झबली आणि वर एक टोपडे काढणाऱ्या आमच्या आजीला हे कौशल्य फार आवडले असते.

बोटांचे मात्र नवल वाटले. मला परवा भेटलेल्या माणसाचे नाव आठवत नाही. पण कुठल्या विटेखाली उडी मारली की नाणे निघते, कुठल्या नळात शिरायचे, हे माझ्या अंगठ्याला पाठ होते. डोक्याला न विचारता तो आपला चालत होता. तरी पहिल्याच खड्ड्यात मी पडले. दुसऱ्या वेळीही पडले. वयाला दोष देणार, तोच चिरंजिवांनी खुलासा केला, की सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते; कळ दाबल्यावर उडी दिसेपर्यंत पाय खड्ड्यात गेलेला असतो. वाढत्या वयाला मिळालेले इतके सोयीचे निमित्त मी आनंदाने पदरात बांधून घेतले.

मग रिमोट त्याच्या हाती गेला. “सेव्ह कुठे करायचं?” हा त्याचा पहिला प्रश्न. सेव्ह नाही, म्हटल्यावर त्याचा विश्वासच बसेना. तीन जीव, ते संपले की पुन्हा पहिल्यापासून. पण पाच मिनिटांत तो रमला, आणि मी त्याच्याकडे पाहत बसले.

शिगेरू मियामोतो या गृहस्थांनी हा खेळ रचला. त्यातला पहिलाच टप्पा कसा आहे पाहा. सूचनेचा एक शब्द नाही. समोरून एक छोटा शत्रू चालत येतो. उडी मारली नाही तर आपण मरतो. म्हणून उडी शिकतो. उडी मारताना डोके वरच्या ठोकळ्यावर आपटते आणि त्यातून एक अळंबी निघते. तिलाही आपण भितो, पळू पाहतो. पण ती पलीकडच्या नळावर आदळून उलटी फिरते आणि आपल्याच अंगावर येते. वर विटांचे छत, त्यामुळे उडी मारून नीट सुटताही येत नाही. ती लागते आणि आपण मरण्याऐवजी मोठे होतो! हा योगायोग नव्हे. नवख्याच्या वाटेत चांगली गोष्ट पडावी, अशी ती योजना आहे. आणि खेळणाऱ्याला वाटते, हे मी शोधून काढले!

लहानपणी मलाही तसेच वाटले होते. आता बाजूला बसून दुसऱ्याला खेळताना पाहिले, तेव्हा कुठे ती योजना दिसली.

* * *

‘काँट्रा’ची कॅसेट लागली तेव्हा दादाला न्यू जर्सीत फोन लावल्यावाचून राहवेना. तिकडे सकाळ होती. दादा आता एका मोठ्या कंपनीत साहेब आहे, केस पांढरे झाले आहेत, पण काँट्राचे संगीत फोनवरून ऐकताच त्याने मंत्र म्हणावा तसा म्हटला : “वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए!” कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ साली ‘ग्रेडियस’ नावाच्या खेळात ही क्लृप्ती घातली. खेळ तपासून पाहायचा होता आणि तो त्यांना स्वतःलाच फार अवघड जात होता! पुढे काँट्रात तीच कळ दाबली की तीनाऐवजी तीस जीव मिळू लागले. हाशिमोतो २०२० साली वारले, तेव्हा जगभरच्या चाळिशी-पन्नाशीतल्या लोकांनी हाच मंत्र लिहून त्यांना निरोप दिला.

“बंदूक आहे का गं?” दादाने विचारले. “माझा रेकॉर्ड मोडू नकोस म्हणजे झालं.”

“तुझा रेकॉर्ड मी तेव्हाच मोडला होता,” मी म्हटले.

हे मात्र अक्षरशः खरे होते, आणि माझ्या आयुष्यात त्याला फार मोठी जागा होती.

मला चौथीत असताना चष्मा लागला. उणे चार. शाळेत ‘ढापणी’ हे नाव पडले. चेंडू दिसायच्या आत नाकावर यायचा, लगोरीत मला कोणी गटात घेत नसे. घरी टीव्हीपुढे दादा बंदुकीने पडद्यावरची बदके टिपायचा आणि माझी पाळी आली की बदके खुशाल उडून जायची. या खेळात नेम चुकला की गवतातून एक कुत्रा वर येतो आणि तोंडावर पंजा ठेवून फिदीफिदी हसतो. कुत्रा हसला की मागोमाग दादा हसायचा. मी मोरीत जाऊन रडायची.

मग १९९३ च्या उन्हाळ्यात काहीतरी पालटले. अण्णा रविवारी दुपारी जेवण झाले की आमच्या पाठीमागे कॉटवर येऊन बसू लागले. रिमोटची ‘स्टार्ट’ची कळ सैल झाली होती, ती त्यांनाच नीट लागत असे, तेव्हा खेळ सुरू करून देण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यांची अट एकच. “दोन बदकांचा खेळ नको, माझे डोळे फिरतात. एका बदकाचाच लावू.” मी फरशीवर मांडी घालून, चष्मा सावरून बंदूक धरायची. आणि हळूहळू माझा नेम लागू लागला. दहातली तीन, मग पाच, मग आठ बदके! मे महिना संपता संपता मी दादाला मागे टाकले. कुत्रा आता हसत नव्हता. बदक उचलून दाखवत होता.

वाचक हसतील, पण त्या उन्हाळ्यानंतर मी वेगळी मुलगी झाले. ‘माझा नेम चांगला आहे’ हे एकच वाक्य मनाशी धरून मी किती ठिकाणी गेले! कॉलेजात एन.सी.सी.त नाव घातले, पॉइंट टू टू रायफल हाती घेतली, आणि पंचवीस यार्डांवरच्या लक्ष्यावर पाच गोळ्या अशा जवळजवळ बसवल्या की सुभेदारसाहेबांनी चष्म्याकडे दोनदा पाहिले. मी कॉलेजच्या संघात गेले. बँकेच्या मुलाखतीत बायोडेटावर तेच वाचून साहेबांनी पहिला प्रश्न विचारला होता.

* * *

तर, बंदूक. ती जोडली, पण सपाट टीव्हीवर एक बदक मरेना. अकरा वर्षांच्या पोराने झाडल्या, मी झाडल्या, पडद्याला नळी टेकवून झाडल्या; कुत्रा आपला हसतोच आहे.

या बंदुकीतून काही सुटत नाही, हे आम्हाला तेव्हा कुठे कळले. ती मारत नाही, ती पाहते. घोडा दाबला की सेकंदाच्या पन्नासाव्या-साठाव्या भागापुरता सगळा पडदा काळा होतो, आणि लगेच तेवढ्याच वेळापुरता बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा एक डोळा आहे. त्याला आधी काळोख आणि मग उजेड दिसला, तर नेम बरोबर. आधी काळोख का? तर कोणा चतुर पोराने बंदूक ट्यूबलाइटवर रोखून खेळाला फसवू नये म्हणून! जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर चित्र यंत्रातून निघताक्षणी पडद्यावर उमटे. सपाट टीव्ही ते आधी आपल्या पद्धतीने सजवतो, मग दाखवतो; तोवर खेळाने विचारलेला प्रश्न जुना झालेला असतो. शिवाय बंदुकीचा डोळा पिक्चर ट्यूबच्या विशिष्ट लुकलुकण्यालाच सरावलेला, तो नव्या उजेडाला ओळखच देत नाही.

जुने खेळ पुन्हा खेळण्यातली खरी अडचण ही आहे. पुस्तक शंभर वर्षांनी उघडले तरी डोळे पुरतात. या खेळांना त्यांचे यंत्र लागते, त्यांचा टीव्ही लागतो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलांच्या संग्रहालयाने २०१२ मध्ये चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले, तेव्हा चित्रांच्या शेजारी ‘पॅकमॅन’ आणि ‘टेट्रिस’ जाऊन बसले. काही जाणत्यांनी नाकेही मुरडली. पण २०२३ साली अमेरिकेत एक पाहणी झाली, तिच्यात आढळले की तिथे निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता दुकानात सरळपणे विकत मिळतच नाहीत. ज्यांच्या माळ्यावर आहेत, त्यांच्याकडे आहेत.

आणि जुन्या खेळात अजून सापडायचे काही उरलेले असते. याच यंत्रावरचा ‘टेट्रिस’ १९८९ चा. तो कधी संपतच नाही, माणूसच हरतो, अशी तीन दशके समजूत होती. २०२३ च्या डिसेंबरात ओक्लाहोमा राज्यातल्या तेरा वर्षांच्या एका मुलाने १५७ व्या पातळीपर्यंत मजल मारली, आणि खेळच गोठून उभा राहिला! यंत्राला पुढचे सुचेना. तो पराक्रम त्या मुलाने आपल्या वडिलांच्या स्मृतीला वाहिला. त्याच महिन्यात ते वारले होते.

* * *

पिक्चर ट्यूबचा टीव्ही शोधायला अण्णाच गेले. स्टेशनच्या बाजूच्या गल्लीत टीव्ही दुरुस्त करणारे एक जुने गृहस्थ आहेत, अण्णांच्याच वयाचे. त्यांच्या दुकानात मागे चौदा इंची एक रंगीत टीव्ही कपड्याखाली झाकून ठेवलेला होता. “चार दिवस न्या, पण जपून,” ते म्हणाले. रिक्षातून, मांडीवर तान्हे मूल घ्यावे तसा तो टीव्ही घरी आला. धनत्रयोदशीची संध्याकाळ होती. खिडकीत कंदील लागला होता, स्वयंपाकघरातून अनारशांचा वास येत होता, आणि आमचे हे ऑफिसातून थेट डोंबिवलीला आले होते.

टीव्ही जुन्याच जागी ठेवला. चिरंजीव फरशीवर मांडी घालून बसले. अण्णा मागे कॉटवर, हातात रिमोट.

“दोन बदकांचा लावा ना आजोबा.”

“नको रे, डोळे फिरतात माझे. एका बदकाचाच लावू.”

मी अनारशाची ताटली घेऊन दाराशी उभी होते. पहिली चार बदके सुटली. कुत्रा हसला. पोराचे कान लाल झाले. मला ते लाल कान ओळखीचे वाटले. पाचवे बदक वर उठले, उजवीकडे निघाले, आणि मध्येच वळून पडद्याच्या मधोमध आले. धाड! पडले. पोराने आरोळी ठोकली. सहावे उठले, तेही जरा घुटमळले. पडले.

माझी नजर सहज अण्णांच्या हाताकडे गेली.

त्यांचा उजवा हात मांडीवर स्वस्थ होता. डाव्या हाताचा अंगठा मात्र रिमोटवर अगदी हलके हलके फिरत होता. उजवीकडे. खाली. डावीकडे. आणि पडद्यावरचे बदक तसेच फिरत होते.

एका बदकाच्या खेळात दुसऱ्या माणसाच्या हाती रिमोट असेल, तर उडणारे बदक त्याला हवे तिकडे नेता येते. खेळ बनवणाऱ्यांनी १९८४ सालीच ही सोय करून ठेवली आहे. दोन बदकांच्या खेळात ती नाही.

तीस वर्षे मी पडद्याकडे तोंड करून बसले होते. पाठीमागे पाहायचे मला कधी सुचले नव्हते.

अण्णांनी मान वर केली, मला पाहिले आणि अंगठा थांबवला. मग डोळ्यांनीच ‘गप्प’ अशी खूण केली.

* * *

पोर झोपल्यावर मी त्यांना गाठले.

“अण्णा, माझ्या वेळीही हेच?”

“छे! मला त्यातलं काय कळतंय?” एवढे म्हणून ते वर्तमानपत्र शोधू लागले.

“मला ठाऊक होतं,” आई आतून म्हणाली. “रविवारची झोप सोडून माणूस उगाच कॉटवर बसतो होय?”

मग हळूहळू बाहेर आले. एका रविवारी रिमोट हातात होता, अंगठा चुकून दाबला गेला आणि बदक वळलेले त्यांनी पाहिले. त्याच्या आदल्या रविवारी त्यांनी मला मोरीत रडताना पाहिले होते. यापलीकडे ते काही बोलले नाहीत.

खरे सांगते, मला राग आला. ज्या एका गोष्टीवर मी एवढा डोलारा उभा केला, ती माझी नव्हतीच? कॉलेजच्या मैदानावर, बँकेच्या मुलाखतीत जी मुलगी ताठ मानेने उभी राहिली, ती काय बापाने समोर आणून सोडलेल्या बदकांच्या जोरावर?

“घोडा तूच दाबत होतीस ना?” अण्णा म्हणाले. “मी नुसतं बदक जरा समोर आणत होतो. आणि तेसुद्धा फार दिवस नाही. शाळा सुरू व्हायच्या सुमारास मी सोडून दिलं.”

“आणि नंतर?”

“नंतर नुसताच रिमोट धरून बसायचो. तुझी दहातली नऊ पडत होती. तुझ्या लक्षात नाही आलं, आणि मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा नेम गेला असता तुझा.”

हे खरे की दिवाळीच्या दिवशी लेकीचे मन राखण्यासाठी केलेली जुळवाजुळव, हे मला आजही ठरवता आलेले नाही. हिशेबनीस माणसाचा हिशेब वरून तरी जुळतोच. पण रायफलीच्या पाच गोळ्या कोणी कॉटवर बसून वळवल्या नव्हत्या, हेही खरेच आहे.

रात्री दादाला सगळे सांगितले. तो पोट धरून हसला. “म्हणजे तू रेकॉर्ड मोडलाच नव्हतास! मी उगाच तीस वर्षं झुरलो.”

“त्याला म्हणावं,” अण्णा फोनच्या दिशेने म्हणाले, “तू बहिणीला फार हसायचास. म्हणून तुझी दोनचार बदकं मी पळवली होती.”

न्यू जर्सीत बराच वेळ शांतता होती. मग पंचेचाळिशीच्या त्या मोठ्या साहेबाच्या तोंडून शब्द आले : “आई, बघ ना गं अण्णा कसे करतात!”

* * *

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघायची वेळ झाली. तोवर चिरंजिवांची दहातली सात बदके पडू लागली होती. गाडीत बसता बसता तो म्हणाला, “आई, माझा नेम जन्मतःच चांगला असणार.” मी खिडकीबाहेर पाहिले. आमच्या ह्यांनी काही बोलायला तोंड उघडले होते, ते मी डोळ्यांनी मिटवले.

त्याला अजून काही सांगितलेले नाही. हा अंक आमच्या घरी दर वर्षी येतो. पण चिरंजीव त्यातली व्यंगचित्रे तेवढी पाहतात, म्हणून एवढे लिहिण्याचे धाडस केले. एक दिवस तो स्वतःच खोके उघडील, कोणा लहान पोराला फरशीवर बसवील, आणि मागे उभा राहून पाहील. तेव्हा त्याचे त्यालाच कळेल. कळले नाही तरी काही बिघडत नाही. अळंबीचेही कित्येकांना जन्मभर कळत नाही.

टीव्ही परत द्यायला अण्णा गेले, ते तसेच परत घेऊन आले. दुरुस्तीवाल्यांनी तो त्यांना देऊनच टाकला म्हणे. गेल्या महिन्यात मी माळा उतरवायला डोंबिवलीला गेले, तेव्हा खोक्यावर जुन्या ओळीखाली निळ्या शाईत, किंचित थरथरत्या अक्षरात नवी ओळ दिसली : ‘टी.व्ही. सह. सर्व भाग पुन्हा तपासले. चालू स्थितीत.’

खाली तारीख नव्हती. अण्णांच्या हातची, तारीख नसलेली ती पहिलीच नोंद मी पाहिली.